आक्काच्या खांद्याचं तेल आणि माझं इंग्रजी

मी सांगतो त्या गोष्टींत शेवटी मीच शहाणा ठरतो, अशी आमच्या घरातल्या पोरांची जुनी तक्रार आहे. म्हणून ही एक लिहूनच ठेवतो. हिच्यात मी पहिल्यापासून गाढव आहे, आणि ते पाहणारी घरातलीच माणसं होती, त्यामुळे नाकारायची सोय नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. मी मॅट्रिक होऊन कॅम्पातल्या एका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो होतो. दिवसभर साहेबाच्या इंग्रजी पत्रांच्या नकला काढायच्या आणि संध्याकाळी बेळगावात घरी येऊन त्याच इंग्रजीनं घरच्यांना दिपवायचं, हा माझा उद्योग. घरात अण्णा म्हणजे माझे वडील, आई, माझी बायको आणि मी. त्या श्रावणात पाचवी आली ती आक्का, माझी थोरली बहीण. तिला निपाणीजवळ बोरगावला दिली होती. तंबाखू पिकवणारं घर, पंधरा माणसांचं खटलं. पंचमीला माहेरवाशीण येते तशी ती आली. पण पंचमी झाली, गणपती आले, गेले, तरी तिला न्यायला कोणी येईना.

कारण तिचा उजवा खांदा धरला होता. मागच्या सुगीत तंबाखूची ओझी डोक्यावर चढवताना कधीतरी लचकला आणि मग महिन्या-महिन्यानं आखडत गेला. हात छातीच्या वर येत नव्हता. अंबाडा आई बांधून द्यायची. भाकरी थापायला बसली की दोन भाकऱ्यांत डोळ्यांत पाणी. पंधरा माणसांच्या घरात ज्या सुनेला भाकरी थापता येत नाही तिचं काय होतं, हे त्या काळात कुणाला सांगावं लागत नसे. दुसरी आणायचे. पहिलीला टाकायचे नाहीत अगदी, पण ती मग घरात असून नसल्यासारखी. आमच्या घरी हे कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. आई फक्त रोज विचारायची, "मोटार आली का रे निपाणीची?"

एके दिवशी मोटार आली, आणि तिच्याबरोबर ती बाटली.

सर्व्हिस मोटारीच्या क्लीनरनं मला स्टँडवर गाठलं आणि फडक्यात गुंडाळलेली बाटली हातात दिली. म्हणाला, "बोरगावच्या म्हातारीनं दिलीया. लक्की एण्णी हाय म्हणाली. बाईच्या खांद्याला रोज चोळा. आन म्हणाली, दिवाळीपतोर बघूया."

म्हातारी म्हणजे आक्काची सासू. 'एण्णी' म्हणजे तेल, एवढं बाजारातलं कानडी मला येत होतं. मिरचीचा भाव विचारायचा, तेल मोजून घ्यायचं, यापलीकडे माझं कानडी जात नव्हतं, पण ते मी कुणाला कळू देत नसे. राहिला शब्द 'लक्की'. तो तर सरळच इंग्रजी. कॅम्पात तेव्हा ज्या दुकानदाराला दुसरं नाव सुचत नसे तो दुकानाला 'लकी' नाव देई. मी मनातल्या मनात भाषांतर पुरं केलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "आक्काच्या सासूनं 'लकी ऑइल' पाठवलंय."

"म्हणजे काय?" आईनं विचारलं.

"लकी म्हणजे नशीबवान. नशिबाचं तेल."

"नशिबाचं?" आईचा हात थांबला. तिचं माहेर घाटाखालचं, कानडी तिला अजिबात कळत नसे आणि इंग्रजीचा प्रश्नच नव्हता. "म्हणजे गुण आला तर आला, नाही तर तुझं नशीब, असंच ना?"

असं मी म्हटलं नव्हतं. पण तिनं म्हटल्यावर मला ते बरोबर वाटलं.

आक्का चुलीपाशी डाव्या हातानं तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "माझ्या सासूला इंग्रजी कुठनं आलं रं? तिला मराठी बोलताना निम्मं कानडी लागतंय."

"दुकानदारानं सांगितलं असणार."

"निपाणीच्या बाजाराला ती वर्षातनं दोनदा जाती. ते बी मिरच्या घालाय."

"मग घरातल्या दुसऱ्या कुणीतरी आणून दिलंय," मी म्हटलं. संशयी माणसाचं हे एक बरं असतं, समोरून काहीही उत्तर आलं तरी ते त्याच्याच बाजूला पडतं.

आम्ही बाटली उघडून पाहिली. मक्याच्या बुरकुंडाचं बूच, त्यावर चिंधी आणि चिंधीला काळा दोरा. आईनं दोरा बघितला आणि बाटली खाली ठेवली. आत हिरवट-काळं तेल. वास असा उग्र की माझ्या बायकोनं पदर नाकाला लावला. "अहो, हे काहीतरी जाळून केलेलं वाटतंय," ती म्हणाली. आईनं बाटली घरात ठेवू दिली नाही. मागच्या दारी, न्हाणीच्या बाहेर एक कोनाडा होता, त्यात ती गेली. आक्काला तिकडं फिरकायची बंदी झाली.

अण्णा संध्याकाळी देवळातून आले. सर्व्हे खात्यात मोजणीच्या साखळीमागं चिकोडी तालुक्याची शेतं तुडवत त्यांची नोकरी गेली होती. त्यामुळे गुडघे गेलेले आणि कानडी पक्कं झालेलं. मी त्यांना सांगितलं, "बोरगावहून लकी ऑइल आलंय. लावायचं नाही असं ठरलंय."

"हं," अण्णा म्हणाले. मी इंग्रजी शब्द वापरला की ते "हं" म्हणत.

दुसऱ्या दिवशी मी शास्त्रीय परीक्षा घेतली. मागच्या पायरीवर काळ्या मुंग्यांची रांग लागलेली असे. तिच्यावर तेलाचे दोन थेंब टाकले. मुंग्या थबकल्या, मिशा हलवल्या आणि लांबून वळसा घालून गेल्या. मी आईला बोलावून दाखवलं. "मुंगी ज्याला तोंड लावत नाही ते माणसाच्या अंगाला लावायचं?" आईनं नुसती मान हलवली आणि राख आणून पायरी घासून काढली.

मग चिकोडीची बातमी आली. आमच्या कचेरीत चिकोडीचा एक मुनशी होता. तो सुट्टीवरून आला आणि मला म्हणाला, "तुमच्या मेव्हण्यांना बघितलं की आमच्या गल्लीत. फेटा बांधून चार-पाच माणसांबरोबर आले होते. शेजारच्या घरी मुलगी दाखवायचा बेत होता." त्यानं हे इतक्या सहज सांगितलं की मलाही सहज "असं का?" म्हणावं लागलं. त्या दिवशी मी नक्कल काढलेल्या पत्रात साहेबाचं नाव दोनदा चुकलो.

मी ते फक्त बायकोला सांगितलं. बायकोनं फक्त आईला सांगितलं. आई न्हाणीत जाऊन पाण्याचा आवाज करत रडली. रात्रीच्या जेवणाला कुणी कुणाकडं बघत नव्हतं, तेव्हा आक्काच म्हणाली, "मी अजून हाय नव्हं घरात? मग माझ्यासमोर बोला की."

आईनं तिच्या ताटात आमटी वाढली.

"ती बाटली आणा," ती म्हणाली. "लावून तर बघू."

"आणि हात कायमचा गेला तर?" मी म्हटलं. "त्यांना तेच पाहिजे असेल. मुलगी बघून ठेवलीय, वर हे तेल पाठवलंय, वर निरोप काय तर दिवाळीपर्यंत बघूया! बघूया म्हणजे काय? दिवाळीनंतर दुसरी आणूया, हेच."

"आन न लावताच हात असा ऱ्हायला तर?"

असं कुणी पेचात पकडलं की मी काहीतरी काम काढतो. कचेरीतला गोंद आणून बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि तेलाच्या पातळीशी शिसपेन्सिलीनं रेघ मारली. आक्कानं चोरून लावलं तर कळावं म्हणून. आपल्या बहिणीच्या औषधावर पहारा बसवणारा माणूस, असं आज मी स्वतःकडं बघतो तेव्हा हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. तेव्हा मला मी घरातला एकमेव जागा माणूस वाटत होतो.

चार दिवसांनी पातळी रेघेखाली बोटभर गेली होती.

मी नवी रेघ मारली. आणखी तीन दिवसांनी तीही उघडी पडली. आता मी सगळ्यांच्या हातांचा वास घेऊ लागलो. बायकोनं ताट वाढलं की बोटांकडं वाकायचो. "तुम्हाला बरं नाही का?" तिनं विचारलं. आक्काच्या खांद्याजवळून जाताना मी श्वास ओढून घ्यायचो, ती म्हणाली, "हुंगतोस काय रं, मांजरासारखं?" तिच्याकडून काही वास येत नव्हता. क्लीनर येऊन बदलून जातो की काय, असंही माझ्या मनात येऊन गेलं. तो माणूस आमचं घर कुठं आहे हेसुद्धा जाणत नव्हता.

दसरा झाला. एका शनिवारी कचेरी अर्ध्या दिवसानं सुटली आणि मी न सांगता घरी आलो, मुद्दाम मागच्या दारानं. न्हाणीजवळ ऊन पडलं होतं. उन्हात पोत्यावर अण्णा बसले होते, धोतर मांडीपर्यंत वर, दोन्ही गुडघे तेलानं चकाकत होते. शेजारी बाटली.

"अण्णा! ते लावू नका, विषारी आहे ते!"

अण्णांनी गुडघ्यावरचा हात काही थांबवला नाही. "कशाचं विषारी? लक्की एण्णी हाय ही."

"तेच ते, लकी ऑइल."

"लकी न्हवं रं, लक्की. निर्गुडी!" ते म्हणाले. "कानडीत निर्गुडीला लक्की म्हणत्यात. ह्या बांधापासनं त्या बांधापतोर निर्गुडीच असायची, आम्ही साखळी ओढताना. पाय सुजले की शेतकऱ्याच्या घरची बाई हेच आणून द्यायची."

मी उभाच होतो. शेवटी म्हटलं, "पण मुंग्या..."

"निर्गुडीला मुंगी, कीड काय लागत न्हाय. म्हणून तर धान्यात पाला घालत्यात. मॅट्रिकला हे नव्हतं वाटतं?"

"मग तुम्ही आधी का बोलला नाही?"

"तू इंग्रजी बोलत हुतास. मी म्हटलं, असंल साहेबाचं काय तरी. एक दिस पाय धुवाय आलो तवा वास आला." त्यांनी बाटली उचलून उन्हात धरली. "मला वाटलं, आधी न्हाय म्हणाला तरी आता तुम्ही आक्काला लावताच. रेघा मारून लावताय, म्हणजे मापानं. म्हणून मी आपलं थोडं थोडंच घेत हुतो."

आमचा आवाज ऐकून आई दारात आली होती. तिला 'निर्गुडी' तेवढं कळलं. घाटाखाली तिच्या माहेरी बाळंतिणीपासून बैलापर्यंत सगळ्यांना निर्गुडी लावत. तिनं माझ्याकडं बघितलं, अण्णांच्या हातातून बाटली काढून घेतली आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून आक्काचं कण्हणं ऐकू आलं, मग आईचं "सोस बाई, सोस जरा." बाटलीत तेल निम्म्याच्या खाली होतं.

त्या दिवसापासून रोज दुपारी आई तेल कोमट करून चोळायची आणि मग गरम पाण्याच्या फडक्यानं शेकायची. हात इंचाइंचानं सुटत होता. छातीवरून गळ्यापर्यंत आला. मग हनुवटीपर्यंत. दिवाळी जवळ येत होती आणि आम्ही सगळे आक्काच्या कोपराकडं बघत जेवत होतो.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी म्हातारी स्वतः आली. मोटारीतून उतरून डोक्यावर बोचकं घेऊन विचारत विचारत घर गाठलेलं. पाय धुतले, पाणी प्यायली, गूळ नको म्हणाली आणि पहिलं वाक्य हेच, "हात बघू."

आक्कानं हात उचलला. कानापर्यंत आला आणि थांबला. तिनं ओठ दाबून धरला होता, तरी हात आणखी वर गेला नाही.

"किती दिस लावलं?"

"अकरा," आई म्हणाली.

म्हातारीनं बोटांवर हिशेब केला. "बाटली यून दीड महिना झाला." तिनं बाटली मागितली. पट्टीवरच्या माझ्या रेघांवरून अंगठा फिरवला. "ह्या कसल्या?"

आई, बायको, आक्का, तिघींनी माझ्याकडं बघितलं. अण्णा तेवढे बाहेर बघत होते, दयाळूपणानं. मी सांगायला लागलो. लकी, लक्की, इंग्रजी, कॅम्प. तिला काही उमगेना. अण्णांनी मग कानडीत चार वाक्यांत उरकलं. त्या चार वाक्यांत मी किती वेळा आलो ते मला कळलं नाही, पण बरेच वेळा आलो असावा.

म्हातारी हसली नाही. "पावण्याला शाळा किती झालीया?"

"मॅट्रिक," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली, आणि तो विषय तिथंच संपला.

मग आईला राहवलं नाही. "चिकोडीला मुलगी बघितली म्हणे."

"बघितली की," म्हातारी म्हणाली. आमच्यापैकी कुणालाच इतक्या सरळ उत्तराची तयारी नव्हती. "माझा थोरला दीर घेऊन गेलता पोराला. घरात त्याचं चालतंय. म्हणाला, हाताबिगर सून काय कामाची. मी म्हटलं, मी तेल काढून पाठवलंया. मी सोता पाला कुटून, रस काढून, करडीच्या तेलात तडतड थांबंपतोर आटवलंया. हात सुटंल. दिवाळीपतोर बघूया, मग काय ते करा. त्या 'बघूया'वर ती समदी थांबलीत." तिनं बाटली खाली ठेवली. "आन हितं रेघा मारत बसलाय."

दीड महिना त्या बाईनं आपल्या दिराला एका बाटलीवर थोपवून धरलं होतं, आणि ती बाटली मी न्हाणीबाहेरच्या कोनाड्यात ठेवली होती. मला खरं तर तिच्या पाया पडायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी काय केलं असेल? ती आक्काच्या पाठीमागं बसून खांदा चोळायला लागली तेव्हा मी शेजारी उभा राहून बघत होतो, मुद्दाम हात मुरगळते की काय म्हणून. सवय अशी एका दिवसात जात नाही. म्हातारीनं वर न बघता म्हटलं, "उजेड आडवू नगंस."

ती उद्याच न्यायचं म्हणत होती. आईनं विनवलं, "दिवाळी होऊ दे. आणखी थोडा सुटू दे हात."

"दिवाळीनंतर न्हेऊन काय करू? पाडव्याला बायकोनं नवऱ्याला ओवाळायचं अस्तंय. ती पाटासमोर दिसली न्हाय, की माझा दीर तिथं दुसरी उभी करायचं बोलतोय. सगळ्या भावकीसमोर बोलतोय."

सकाळच्या मोटारीनं दोघी गेल्या. आक्कानं डाव्या हातानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "भाऊबीजेला ये. आन हुंगत येऊ नगं."

मी भाऊबीजेला बोरगावला पोचलो. मोटारीतून उतरून घरापर्यंत मी प्रत्येक माणसाच्या तोंडावर काहीतरी वाचायचा प्रयत्न करत होतो. ओसरीवर म्हातारीचा थोरला दीर सुपारी कातरत बसला होता. त्यानं मला खालीवर बघितलं आणि नुसतं "या" म्हणाला. त्या 'या'चा अर्थ लावत मी आत गेलो.

आक्का स्वयंपाकघरात होती. म्हातारी तिच्या शेजारी भाकऱ्या थापत होती, आणि आक्का त्या तव्यावर टाकत, उलटत होती. मी हळूच विचारलं, "पाडवा?"

आक्का हसायला लागली. म्हातारीनंच सांगितलं, परातीवरचा हात न थांबवता. तिनं लेकाला पाटावर बसवलंच नव्हतं. खाली चटईवर बसवलं, मान खाली घालून. पितळेचं मोठं तबक काढलं नाही, देव्हाऱ्यातली तळहाताएवढी तांब्याची ताटली दिली. दीर म्हणाला, पोरगं पाटाबिगर का बसलंय? तर ही म्हणाली, पाट भिजलाय. "दोनदा नीट ओवाळलं. तिसऱ्या येळंला हात कापाय लागला. मी दिराच्या हातावर करंजी ठेवली. त्येचं ध्यान करंजीवर. तवर झालं."

"आणि चिकोडी?"

"निरोप धाडला. न्हाय म्हणून." मग तिनं बाहेर ओसरीकडं एकदा बघितलं. "पर दीर म्हणालाय, सुगीत कळंलच. म्हणून रोज चोळतीया. ह्या खेपंला बाटली माझ्या हाताखाली हाय."

मला ओवाळतानाही आक्कानं खालीच बसवलं. तिचा हात माझ्या कपाळापर्यंत आला, कुंकू थोडं नाकावर उतरलं, पण आला. मी त्या हाताकडं बघत होतो ते आता संशयानं की कशानं, हे मला नीट सांगता येणार नाही.

जेवून हात धुवायला उठलो आणि धाडकन कपाळ कशावर तरी आपटलं. दह्याचं मडकं डोक्यावर हिंदकळलं. डोळे उघडून बघतो तो शिंकं अर्धवट उठलेल्या माझ्या नाकासमोर झुलत होतं, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, दोरीला नवी गाठ मारलेली. मग दिसलं की भिंतीवरच्या खुंट्याही खाली आल्यात, वरची भोकं मातीनं बुजवलेली. मिठाचं गाडगं माच्यावरून उतरून जमिनीवर आलंय. चाळण, सूप, सगळंच हाताच्या आवाक्यात. मी विचारायला तोंड उघडलं.

"वाकून चाल, पावण्या," म्हातारी म्हणाली. "ह्या घरात सध्या समदं खाली हाय."

दही माझ्या कानावरून सदऱ्यात उतरत होतं. आक्कानं उजवा हात पुढं केला, कानाइतका वर नेला आणि शिंक्याची झुलती दोरी धरून थांबवली.